अर्थ सांग, मग गुण घे

आमच्या घरात स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांचे ठोकळे जुळवून इंग्रजी शब्द लावायच्या खेळाचा, पट आला तो एका जादा नियमासकट. खोक्यात मिळालेल्या नियमांच्या कागदावर तो शोधून सापडला नसता, कारण तो मामाने केलेला होता. शब्द लावायचा, समोरच्याने विचारलंच तर त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, आणि मगच गुण मांडायचे. अर्थ नाही सांगता आला तर ठोकळे उचलून मुकाट्याने परत आपल्या पट्टीवर. खेळाच्या खऱ्या नियमांत असलं काही नाही हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. तोवर मला वाटायचं, जगभरचे लोक असेच एकमेकांची परीक्षा घेत बसलेले असणार.

या नियमाशी माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. मामाने पटाच्या कोपऱ्यात ए आणि आय असे दोन ठोकळे शेजारी शेजारी ठेवले.

"हे काय?"

"आई."

"आई मराठी आहे. चालत नाही."

"इंग्रजीच आहे. आई म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ. दक्षिण अमेरिकेत असतो, झाडाला उलटा लटकून राहतो. त्याचं ओरडणं तसं ऐकू येतं म्हणून तिकडच्या लोकांनी त्याचं नावच ते ठेवलं."

आई तिथेच होती. "माझ्याबद्दल काय चाललंय?"

"ताई, तुझंच नाव लावलंय. आठवड्यातून कसाबसा एकदा झाडावरून खाली उतरतो म्हणे हा प्राणी."

"नशीबवान आहे," आई म्हणाली. "मला वर चढायलाच मिळत नाही."

दोन ठोकळे, एकेका गुणाचे. मामाच्या त्या संध्याकाळच्या बाकीच्या चाली मी विसरले, हा शब्द विसरले नाही. आता गंमत अशी की हीच दोन अक्षरं सगळीकडे दिसतात आणि त्यांचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. स्क्रॅबलमध्ये मात्र यंत्राच्या बुद्धीला जागा नाही, कारण नुसती आद्याक्षरं जोडलेलं रूप तिथे चालत नाही. पटावर ए-आय म्हणजे अजूनही तो आळशी प्राणीच, आणि मला याचा थोडा खुनशी आनंद होतो.

दोन अक्षरी शब्द हा या खेळाचा कणा. नवख्याला वाटतं लांबलचक, भारदस्त शब्द येणारा जिंकतो. तसं नसतं. आधीच्या शब्दाला खेटून समांतर शब्द बसवायचा असेल तर मधल्या प्रत्येक जोडीचा उभा शब्द व्हावा लागतो, आणि तिथे ही चिल्लर कामाला येते. खेळात चालणाऱ्या शब्दांच्या ठरलेल्या याद्या असतात. ब्रिटिश परंपरेच्या कॉलिन्स यादीत 2019 नंतर असे 127 शब्द होते, उत्तर अमेरिकेच्या यादीत 107. त्यांत व्ही असलेला एकही नाही, म्हणून व्ही हातात आला की जाणकार तोंड वाकडं करतात.

ती यादी मी पहिल्यांदा मोठ्याने वाचली तेव्हा मला हसू फुटलं. मी, तो, ती, ते. का, ना, हो, जो. ये. ब्रिटिश यादीत तर जा सुद्धा. वर ने आणि ला हे विभक्तीचे प्रत्यय. मराठी माणसाने ही यादी रोमन अक्षरांतून वाचली की निम्मं व्याकरण कानावर पडतं! अर्थ अर्थातच भलतेच. का म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या श्रद्धेप्रमाणे माणसाच्या आत्म्याचं एक अंग. त्याचा जोडीदार बा, तोही यादीत आहे. जो म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीतला प्रियकर. मी आणि ती हे पाश्चात्त्य सप्तकातले स्वर. आणि दोन वेळा ए लिहिला की आ, म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत, धारदार लाव्हा. तिथल्याच गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्ह्याला पाहोएहोए म्हणतात. हे दोन्ही शब्द जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ वापरतात, पण पाहोएहोएला आठ ठोकळे लागतात आणि हातात असतात सात. बिचारा गुळगुळीत लाव्हा सहसा पटावर येत नाही.

इंटरनेटवर दुर्मीळ इंग्रजी शब्दांच्या याद्या फिरतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे ते इथेच. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाला इंग्रजीत काय म्हणतात, माणसाला खिडकीतून बाहेर फेकण्याला काय म्हणतात, हे त्यांत हमखास असतं. ऐकायला छान. खेळणाऱ्याला शून्य उपयोगाचं. त्याला हवा असतो झॅक्स, म्हणजे छपराची पाटीच्या दगडाची कौलं कापायचं हत्यार. किंवा ॲड्झ, म्हणजे सुताराचा वाकस: चार अक्षरं, चौदा गुण.

हे गुण कसे ठरले, ती कथा अर्थाच्या बाजूने पाहिली तर जरा खट्टू करणारी आहे. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला वास्तुविशारद. महामंदीत 1931 साली त्याचं काम सुटलं आणि रिकामपणी त्याने एक खेळ रचायला घेतला. त्यात थोडं नशीब हवं होतं आणि थोडं कसब. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे ठरवायला त्याने वर्तमानपत्रं पुढ्यात घेतली, न्यूयॉर्क टाइम्सची पानं घेतली, आणि अक्षरं मोजली. मंदीच्या काळातली वर्तमानपत्रं! काय काय छापलेलं असेल त्यांत. बंद पडलेल्या बँका, रांगा, नोकऱ्या. आणि हा माणूस त्यातून फक्त ई किती, टी किती, क्यू किती एवढंच टिपत बसला. त्यातून शंभर ठोकळे निघाले. ई सगळ्यांत जास्त, म्हणून बारा ठोकळे आणि गुण एकच. क्यू आणि झेड एकेकटे, म्हणून दहा-दहा गुणांचे. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला एस चिकटवून अनेकवचनावर गुण लाटत बसला असता. खेळाला आधी दोन-तीन वेगळी नावं होती. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो नावाच्या माणसाने तो हाती घेतला आणि त्याचं स्क्रॅबल झालं. म्हणजे या खेळाच्या जन्मातच अर्थाला जागा नव्हती. होती ती नुसती शिरगणती.

मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणूनच नियम घालावा लागला ना."

सगळ्यांत जास्त घाम काढतो तो क्यू. इंग्रजीत क्यू मागे यू घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि यूचे ठोकळे सगळे मिळून चार. पट्टीवर क्यू आहे, यू नाही, पिशवी रिकामी होत आलीये: अडला हरी म्हणतात तो असा. अशा वेळी क्यू-आय धावून येतो. उच्चार ची. चिनी विचारातली शरीरभर वाहणारी प्राणशक्ती. उत्तर अमेरिकेच्या यादीत तो 2006 मध्ये आला आणि हरलेले कितीतरी डाव वाचले असतील. पण तेवढ्यावर थांबू नये. यूविना चालणारे क्यूचे शब्द शोधायला लागले की इंग्रजीचा दरवाजा मागच्या बाजूने उघडतो. फकीर, काझी, कव्वाली, तलाक, बुरखा! एफ-ए-क्यू-आय-आर असा फकीर समोरच्या खेळाडूने लावला आणि मी थबकले, तर तो म्हणाला, "आव्हान द्यायचंय का?" मी कशाला देते. हा शब्द त्याच्यासाठी पाठ केलेली पाच अक्षरं होता, आणि मला रस्त्यात भेटलेला ओळखीचा माणूस.

हे अरबी-फारसीतले शब्द रोमन लिपीत लिहिताना घशातला तो खोल क दाखवायला क्यू वापरतात, म्हणून त्याला यूची गरज पडत नाही. कनात हा त्यातला माझा लाडका. तंबूची कनात नव्हे. इराणमध्ये डोंगराच्या पायथ्याचं भूजल अगदी हलक्या उतारावरून, जमिनीखालच्या बोगद्यातून, मैलोन्मैल गावापर्यंत आणायची जुनी पद्धत आहे, ती कनात. पंप नाही, यंत्र नाही, नुसता उतार. थोड्या थोड्या अंतरावर खाली उतरायला विहिरीसारखी भोकं. युनेस्कोने 2016 मध्ये तिथल्या काही कनातींना जागतिक वारशाचा मान दिला. चौदा गुणांत एवढं पाणी येतं.

घरचे शब्दही कोपऱ्याकोपऱ्यांत बसलेले दिसतात. तोळा, शेर, कोस, आणा. अधिकृत व्यवहारातून ज्यांना आपण केव्हाच निरोप दिला ती मापं स्क्रॅबलच्या यादीत ठणठणीत आहेत. आणि मुंगूस! इंग्रजीतला माँगूस मराठीतून गेलेला, सतराव्या शतकाच्या अखेरीस. तिथे गेल्यावर ऐकणाऱ्यांना शेवटी गूस ऐकू आला, त्यांच्याकडे गूस नावाचा हंसासारखा पक्षी आधीपासून होता, त्यांनी स्पेलिंग त्याचं लावून टाकलं. त्यामुळे आता प्रश्न पडतो की दोन मुंगसांना काय म्हणायचं? पक्ष्याचं अनेकवचन गीस होतं, तसं मुंगसाचं माँगीस करायचं का? सरळमार्गी लोक माँगूसेस म्हणतात. पण एका मोठ्या अमेरिकन कोशाने माँगीसलाही बाजूला बसायला पाट दिला आहे. आपल्या मुंगसाला पंख फुटले ते असे.

उलट गंमत वेल्श, म्हणजे वेल्सच्या भाषेतल्या, शब्दांची. सी-डब्ल्यू-एम. एकही स्वर नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला हे पाहून अंगावर काटा येतो, कारण त्याच्या हिशेबी स्वराशिवाय शब्द म्हणजे हाडांचा सापळा. मराठी डोळ्याला मात्र तेवढा धक्का बसत नाही. कमल, नगर, सहज: आपण तरी कुठे वेगळा स्वर लिहितो, तो व्यंजनाच्या पोटातच असतो. अर्थात वेल्शमधलं गणित निराळं आहे, तिथे डब्ल्यू हाच स्वर. उच्चार कुम. अर्थ, हिमनदीने कोरलेली, तीन बाजूंनी कडे असलेली वाटीसारखी दरी. एव्हरेस्टवर चढणाऱ्यांच्या वाटेत वेस्टर्न कुम लागते, तिला हे नाव ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीने 1921 मध्ये दिलं. वेल्श डोंगरांत चढाई केलेल्या माणसाने हिमालयात उभं राहून एक दरी पाहिली आणि त्याच्या तोंडी ओळखीचा शब्द आला. मला हे माहीत झाल्यापासून सी, डब्ल्यू आणि एम पट्टीवर एकत्र आले की मी आधी त्या दरीत जाऊन येते. तेवढ्यात घड्याळाचा अर्धा मिनिट गेलेला असतो.

आणि हाच माझा घोटाळा आहे.

आमच्या पिढीला इंग्रजी शब्द कधी एकटा भेटलाच नाही. सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. एका सुरात म्हणायचं, आणि त्या सुरात 'म्हणजे' हा शब्द खुंटीसारखा मध्ये ठोकलेला. स्पेलिंग त्या खुंटीला टांगायचं. खुंटी नसेल तर स्पेलिंग खाली पडतं. एकदा मी ठरवून क्यूच्या चाळीस शब्दांची यादी अर्थ न बघता पाठ करायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यात उरले ते फकीर, काझी आणि त्यांचे भाऊबंद. बाकीचे रात्रीत निघून गेले होते.

म्हणून नायजेल रिचर्ड्स या माणसाचं मला कोडं पडतं. न्यूझीलंडचा. इंग्रजी स्क्रॅबलचं जगज्जेतेपद त्याने 2007, 2011, 2013, 2018 आणि 2019 असं पाच वेळा मिळवलं. हे तरी समजू शकतं. पण 2015 मध्ये तो फ्रेंच स्क्रॅबलच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि जिंकला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. नऊ आठवडे फ्रेंच स्क्रॅबलचा कोश घेऊन बसला होता. बक्षीस घेताना चार शब्द बोलायला दुभाषा लागला. आणि एवढ्यावर थांबला नाही. 2024 मध्ये स्पेनमधल्या ग्रनाडा शहरात स्पॅनिशची जागतिक स्पर्धाही जिंकला. स्पॅनिशही येत नसताना.

बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा रागच आला. हे म्हणजे अर्थ न कळता पोथीची पोथी घडाघडा म्हणून दाखवण्यासारखं. मग लक्षात आलं की तशी घोकंपट्टीही वेगळी. तिला चाल असते, क्रम असतो. याच्या पुढ्यात सात सुटी अक्षरं पडतात आणि लाखो शब्दांतून नेमके त्या सातांचे शब्द वर येतात. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं घ्या. मला त्यात रेटिनास दिसतो, म्हणजे डोळ्यांतले पडदे, आणि मी खूश होते. खऱ्या खेळाडूला त्याच क्षणी नॅस्टियर, रिटेन्स, स्टेनर, अँट्सियर आणि मेणबत्तीत वापरतात ते स्टिअरिन सगळे रांगेत उभे दिसतात, आणि त्यातला कुठला शब्द कुठल्या चौकटीत बसतो एवढंच तो पाहतो. मी डोळ्याच्या पडद्यात अडकते. तो पटावरची मोकळी जागा बघतो. सातही ठोकळे एका चालीत गेले की पन्नास गुण जास्तीचे, हे त्याला माहीत असतं. मलाही असतं, पण उशिरा आठवतं.

अर्थाचं ओझं नसलेला माणूस वेगाने जातो, यात वाद नाही. पण नको म्हटलं म्हणून अर्थ जात नाही असंही दिसतं. स्पर्धांमधल्या सर्वांत मोठ्या चालींतला एक शब्द कॅझीक्स. 1982 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला कार्ल खोशनॉ याने तो लावला आणि एका चालीत 392 गुण घेतले. कॅझीक म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या मूळच्या लोकांचा सरदार. दुसरा शब्द क्विक्सॉट्री. 2006 मध्ये अमेरिकेत मायकेल क्रेस्टा या सुतारकाम करणाऱ्या माणसाने 365 गुणांना लावला, आणि त्या एका डावात 830 पर्यंत पोचला. स्पॅनिश कादंबरीतला डॉन किहोते पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावला, त्याच्या नावावरून आलेला शब्द: अंगात बळ नसताना भलतीच धाडसी स्वप्नं पाहणं. सात ठोकळे हातात घेऊन शब्दाचे गुण तिप्पट करणाऱ्या दोन-दोन चौकटी एका शब्दात पकडायला निघणं म्हणजे दुसरं काय असतं?

मामाची वही मी या गोष्टीत अजून आणली नाही, पण आणायला हवी. शंभर पानी, रेघांची, पाठीमागून सुरू केलेली. डावीकडे स्पेलिंग, उजवीकडे मराठीत अर्थ. त्याचे अर्थ कोशातल्यासारखे कोरडे नसायचे. झो या शब्दापुढे लिहिलंय: 'तिबेटकडे याक आणि गाय यांच्या संकराने झालेला. नराला पिलं होत नाहीत. स्पेलिंगं मात्र पाच झाली.' खरंच पाच आहेत. ब्रिटिश यादीत डी, एस, झेड आणि एच यांची हवी तशी सरमिसळ करून हा प्राणी पाच प्रकारे लिहिता येतो. अॅग्लेटपुढे: 'बुटाच्या नाडीच्या टोकाची नळी. ती तुटेपर्यंत तिला नाव आहे हे कळत नाही.' झार्फ म्हणजे कान नसलेल्या गरम पेल्याला धरायला केलेली नक्षीदार वाटी. टिटल म्हणजे आयच्या डोक्यावरचा ठिपका. तिथे मामाने कंसात लिहिलं आहे, 'आपण टिंब म्हणतो आणि पुढे जातो.'

सिझिजीवर मात्र त्याने अर्धं पान खर्च केलंय. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येणं. अमावास्येलाही सिझिजी आणि पौर्णिमेलाही. म्हणून दोन्ही वेळा समुद्राला उधाण. शब्दात वाय तीन, आणि शंभर ठोकळ्यांत वाय दोनच. तिसऱ्या वायच्या जागी कोरा ठोकळा ठेवावा लागतो, त्याचे गुण शून्य. 'ग्रह जुळतात तसाच हाही क्वचित जुळतो,' असं लिहून त्याने खाली तारीख टाकली आहे. त्या दिवशी तो जुळला होता. चार झेडचा पिझॅझ तर कधीच जुळणार नाही. एक खरा झेड, दोन कोरे ठोकळे, चौथा आणणार कुठून? तरी तो वहीत आहे. अर्थासकट. थाटमाट.

या वहीवरून आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. ओ-ई हा दोन अक्षरी शब्द. मामाच्या वहीत अर्थ 'फेरो बेटांजवळ उठणारी वावटळ'. माझ्याकडे तोवर ब्रिटिश कोश आला होता, त्यात ओ-ई म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत नातवंड. मी विजयी मुद्रेने कोश पुढे केला. मामाने त्याचा अमेरिकन कोश काढला, तिथे वावटळच. दोन याद्या, दोन परंपरा, शब्द एक आणि अर्थ दोन. गुण कोणाचे, यावर तास गेला. खेळाच्या नियमांनी पाहिलं तर भांडायचं कारणच नव्हतं, शब्द दोन्हीकडे वैध. तेवढ्यात मामाचा दोन वर्षांचा नातू धावत आला आणि त्याने सबंध पट उधळून दिला. "बघ," मामा ठोकळे गोळा करत म्हणाला, "एकच अर्थ आहे."

अर्थावर एवढा भरवसा ठेवावा का, असंही कधी वाटतं. वेबस्टरच्या 1934 सालच्या जाडजूड कोशात डॉर्ड असा एक शब्द होता. अर्थ, भौतिक आणि रसायनशास्त्रात घनता. प्रत्यक्षात एका चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'डी ऑर डी', म्हणजे घनतेचं संक्षिप्त रूप मोठा डी किंवा लहान डी. चिठ्ठी चुकीच्या गठ्ठ्यात गेली, मधल्या मोकळ्या जागा मिटल्या, आणि कोशात एक शब्द जन्मला. पाच वर्षं कोणाला पत्ता नाही. 1939 मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही. ना आई, ना बाप. अर्थ होता, तोही नेमका होता. फक्त शब्द नव्हता. मामाला ही गोष्ट अजिबात आवडली नाही. मला फार आवडते.

अर्थ न कळण्याचा राग मात्र मी एकटीच करते असं नाही. 2022 मध्ये वर्डल या रोज एक शब्द ओळखायच्या ऑनलाइन खेळात एके दिवशी उत्तर आलं होमर. बेसबॉलमध्ये चेंडू पार सीमेबाहेर मारला की तो होमर, हे अमेरिकेबाहेर कोणाला ठाऊक? लोक चिडले, कोश उघडून बसले, इतके की केंब्रिज कोशाने त्या वर्षीचा शब्द म्हणून होमरच निवडला. सहा प्रयत्नांत पाच अक्षरं ओळखता आली तरी समाधान झालं नाही त्यांचं. 'म्हणजे' हवंच होतं.

आता मामा ऐंशीला टेकलाय आणि आम्ही मोबाइलवर खेळतो. त्याचा डाव सकाळी येतो, माझा रात्री जातो. गेल्या काही महिन्यांत त्याचे शब्द विचित्र व्हायला लागले, मला शंका यायला लागली. परवा त्याने ई, यू, ओ, यू, ए, ई असे सहा स्वर एका ओळीत लावले. सहाचे सहा स्वर! दुप्पट चौकटीवर, बारा गुण. मी लगेच फोन केला.

"मामा, अर्थ सांग, मग गुण घे."

"गुण मशीनने दिलेत."

"अर्थ."

"अगं, हातात नुसते स्वर आले होते. पदरी पडलं ते ठेवत गेलो. इकडे ठेव, तिकडे ठेव. चालणारा असला की तो चौकोन हिरवा होतो. झाला हिरवा."

"म्हणजे तू अंदाजपंचे ठोकळे सरकवत बसतोस?"

"सगळे तेच करतात."

मी कोश उघडला आणि त्याला वाचून दाखवलं. मध्ययुगातल्या चर्चमध्ये लॅटिन स्तोत्रं गायची, त्यांच्या शेवटी सेक्युलोरम आमेन असे शब्द येत. त्या शेवटाची चाल कशी घ्यायची हे लिहून ठेवताना, पूर्ण शब्द न लिहिता, त्यांतली व्यंजनं गाळून नुसते स्वर सुरांखाली मांडत. तेच हे सहा.

तो थोडा वेळ गप्प राहिला.

"म्हणजे याला स्वतःचा अर्थच नाही?"

"नाही. दुसऱ्या शब्दांतले स्वर उचलून एकापुढे एक ठेवलेत."

"मी पण तेच केलं."

"हो."

पलीकडून खण उघडल्याचा आवाज आला, मग पानं उलटल्याचा.

"सावकाश सांग," मामा म्हणाला. "ई, यू... पुढे?"